तार मुरेपर्यंत

तारेला मुरावं लागतं हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी कैरीच्या फोडींना मीठ लावत होते. मी म्हटलं, "अहो, तार म्हणजे तांबं. तिला काय मुरायचंय? लोणचं आहे का ते?"

"दीडशे तास," समोरून उत्तर आलं. माझ्या प्रश्नाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

उत्तर देणारे म्हणजे आमचे हे. नवऱ्याला नावानं हाक मारायची आमच्यात पद्धत नाही, पण लिहिताना दर ओळीला 'हे' आलं तर वाचणारा वैतागेल, म्हणून इथे ज्ञानेश म्हणते. वय त्रेसष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर पस्तीस वर्षं काढली. मी शुभांगी, मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगी दिशा नोकरीसाठी बंगळुरूला. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाहेरची खोली गाण्याची आहे. तिथे अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, कमरेएवढे दोन स्पीकर आणि त्यांच्यासमोर बरोब्बर मध्यावर एक खुर्ची. स्पीकर कुठे ठेवायचे याच्या पेन्सिलीच्या खुणा फरशीवर आहेत. फरशी पुसणाऱ्या लताबाई देवघरासमोरून बिनधास्त चपला घालून जातील, पण त्या खुणांपाशी आल्या की श्वास रोखतात.

तारा का आल्या ते आधी सांगते. फेब्रुवारीत ज्ञानेशना दिशाचं फोनवरचं बोलणं नीट कळेना, म्हणून आम्ही कान तपासायला गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला ते भराभर बटण दाबत होते. मग थांबले आणि बराच वेळ नुसते बसून राहिले, शाळेतल्या गुणी मुलासारखे, हातात बटण धरून. आत आवाज येत होते. फक्त त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. त्यावरची रेघ डावीकडून सरळ चालत आली होती आणि उजवीकडे पायरी चुकल्यासारखी खाली गेली होती. "प्रेसवर इतकी वर्षं म्हणजे होणारच, काका," त्या म्हणाल्या. "बारीक, उंच आवाज गेलेत. बाकी बरं आहे. सहा महिन्यांनी परत बघू." मला आलेख समजावून सांगावा लागत नाही. रिक्षात ज्ञानेश एवढंच म्हणाले, "मशीन जुनं होतं तिचं."

घरी आल्यावर त्यांनी आपली परीक्षा आपणच ठरवली. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत गाणं नेणाऱ्या नव्या तारा मागवायच्या. तारेतारेत फरक असतो, तो बारीक असतो, पण त्यांना तो नेहमी कळत आला होता. याही वेळी कळला तर कान शाबूत. नाही कळला तर... हा माणूस पत्ते खेळत नाही, सिनेमाला जात नाही, देवळात येतो तोही मला सोबत म्हणून. त्यांच्याजवळ एवढी एकच गोष्ट आहे, आणि तीच पणाला लागली होती.

कोल्हापूरचे एक निवृत्त इंजिनिअर अशा तारा घरी बसून विणतात. करड्या कापडात गुंडाळलेल्या, करंगळीएवढ्या जाड. आत दोन पदर, दोन्ही करडेच, पण एकावर केसाएवढी पांढरी रेघ. रेघवाल्या पदराला लाल पिन लावायची, दुसऱ्याला काळी, आणि त्या पिना आपल्या आपण बसवायच्या. शिवाय वरच्या कापडावर इवलेसे बाण विणलेले.

तारा जोडायला ज्ञानेशचे दोन दोस्त आले. एक धम्मपाल, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहायला इंदिरानगरला. दुसरा राज, आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पंचवटीत त्याचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. दोघंही ज्ञानेशना सर म्हणतात, जणू यांनी कुठे वर्ग घेतले होते. तिघांचा एक नियम आहे. नवी वस्तू आली की जुनी त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी जाते, घरात राहिली तर मन मागे ओढतं म्हणे. त्याप्रमाणे जुन्या तारा कापडी पिशवीत घालून धम्मपालभाऊंच्या स्कूटरला लटकल्या.

मग बाणांचं सुरू झालं. बाण अ‍ॅम्प्लिफायरकडून स्पीकरकडेच पाहिजे. डावी तार बिनतक्रार बसली. उजवीच्या पिना घट्ट करून झाल्यावर राजच्या लक्षात आलं की बाण उलटा आहे. दोन टोकांच्या पिना वेगवेगळ्या घडणीच्या, त्यामुळे सगळ्या काढून, तार फिरवून पुन्हा बसवायच्या. राजने मोबाइलचा उजेड धरला, धम्मपालभाऊ चष्मा पुसत खाली वाकले, ज्ञानेश पेचकस घेऊन पालथे.

"बाण बघितला?"

"बघितला."

"परत बघ."

प्रत्येकाने आपापला बाण तपासला, मग एकमेकांचा तपासला. मी दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारायची सोय ठेवली नाही.

ते दोघं गेल्यावर ज्ञानेश खुर्चीत बसले. त्यांची एक नेहमीची रेकॉर्ड आहे, एका गायिकेच्या बैठकीची. आमच्याकडे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. नवं काहीही घरात आलं की आधी बाईंना दाखवायचं. सुई टेकली, बाईंनी षड्ज लावला, आणि पाचच मिनिटांत ज्ञानेशनी सुई उचलली.

"कच्ची आहे अजून," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तुला कसं वाटलं?"

"छान," मी म्हटलं.

मी ऐकलंसुद्धा नव्हतं. मोहरी तडतडत होती. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा प्रश्न शेकडो वेळा विचारला असेल आणि मी प्रत्येक वेळी हेच उत्तर दिलं आहे. वहीत एक पायरी गाळली तर मुलींचा अर्धा गुण कापणारी मी, घरी मात्र न बघता पूर्ण गुण द्यायचे. माणूस खूश होतो, मला कामाला जाता येतं, त्यात कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं.

दीडशे तास सुरू झाले. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तारांतून काहीतरी वाहत ठेवायचं. कधी बाई, कधी दुसरं कुणी, आणि बराच वेळ एक नुसता फसफसणारा आवाज, मोठ्या कढईत भाजी परतावी तसा. लताबाई पहिल्या दिवशी धावत आत गेल्या, "ताई, गॅस चालू राह्यला काय?" आम्ही सिन्नरला भाचीच्या साखरपुड्याला गेलो तर घर बंद आणि गाणं चालू. दुपारी वॉचमन झुंबरचा फोन आला. "मॅडम, तुम्ही तर भायेर हाय ना? घरात कोन बाई गाती मग?" ज्ञानेशनी फोन ओढून घेतला. "अजून गातायत ना? गाऊ द्या." पंगतीत बसलेला हा माणूस त्या बातमीने असा फुलला की मला हसू आवरेना.

पण ते फुलणं टिकलं नाही. पंच्याहत्तर तास झाले त्या दिवशी ते पुन्हा खुर्चीत बसले. मी पडद्याआडून बघत होते. त्यांनी मान डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. खुर्ची बोटभर पुढे घेतली, बोटभर मागे. तळवे कानांमागे धरले. शेवटी हात मांडीवर ठेवून नुसते बसले, आणि मला ती काचेची खोली आठवली. या वेळी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. दिशाचा फोन आला तेव्हा "आईशी बोल" म्हणून बाल्कनीत गेले.

दीडशे तास रविवारी सकाळी पुरे झाले. धम्मपालभाऊ आणि राज दहालाच हजर. रेकॉर्ड लागली. दोघंही आळीपाळीने खुर्चीत बसले, डोळे मिटून.

"सर, काय रुंदी आलीय!" धम्मपालभाऊ म्हणाले. "भिंतीच राहिल्या नाहीत."

"बाई अख्ख्या खोलीत पसरल्यात," राज म्हणाला. "एका जागी नाहीतच. कमाल आहे सर."

ज्ञानेश हसले. एकतीस वर्षं बघतेय म्हणून मला कळलं की ते हसणं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी सगळ्यांना पोहे वाढले, दोस्तांना खालपर्यंत सोडून आले आणि मग माझ्यासमोर जेवणाच्या टेबलापाशी बसले.

"शुभांगी, हे सगळं राजला देऊन टाकू या."

"सगळं म्हणजे?"

"स्पीकर, रेकॉर्ड, सगळं. तो ऐकेल तरी." त्यांचा आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याला एक पिशवी कमी करायला सांगावं तसा. "डॉक्टरीण बरोबर होती. मला बाई दिसत नाहीत."

"दिसत नाहीत म्हणजे काय?"

"दोन स्पीकरच्या मधोमध बसायच्या त्या. नेहमी. तिथे." त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "पहिल्या दिवसापासून तिथे कुणी नाही. मला वाटलं तार कच्ची आहे. पण आज दीडशे झाले, आणि त्या दोघांना किती सुंदर ऐकू येतंय बघितलंस ना? तार चांगली आहे. माझेच कान गेले."

"जुन्या तारा मागवून घ्या ना. लावून बघा."

"मागवणार होतो," ते म्हणाले, "पण भीती वाटली. त्या लावूनही बाई आल्या नाहीत तर?" मग म्हणाले, "आणि तूसुद्धा छान म्हणालीस की. तुला काय खोटं बोलायचंय?"

मी हातातला चमचा खाली ठेवला. ज्या शब्दावर मी आजवर विचारच केला नव्हता, तो हा माणूस पुराव्यासारखा जपून बसला होता. मला माझी अशी लाज वाटली की तोंड वर करता येईना.

"मी ऐकलंच नव्हतं," मी म्हटलं. "त्या दिवशी नाही, आणि खरं सांगू का, कधीच नाही. मी आपली छान म्हणते."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

"कधीच नाही?"

"नाही. पण आता ऐकते. लावा."

आणि मी जाऊन त्या खुर्चीत बसले. माझ्याच घरातली खुर्ची, पण तिच्यात मी कधी टेकले नव्हते, ती भारी नरम होती. ज्ञानेश बाजूला उभे राहिले, निकालाला उभा असलेला विद्यार्थी राहतो तसे. सुई टेकली. बाई गायला लागल्या आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडे लक्ष दिलं. डोळे मिटले. त्या कुठे आहेत ते शोधायला लागले. गणितात उत्तर कुठेतरी असतंच, तशी मी बाईंना शोधत होते, आणि त्या सापडत नव्हत्या. आवाज कानांच्या दोन बाजूंना चिकटल्यासारखा होता, पाठीमागून आल्यासारखा, भिंतीतून पाझरल्यासारखा. मधोमध काही नव्हतं. तबला तर कुणी पोकळ करून टाकला होता.

"छान नाही हे," मी म्हटलं. "मधे कुणीच नाही. आवाज कुठून येतोय तेच कळत नाही, डोकं गरगरतं."

"तुलाही?"

"हो. मलाही."

"शुभांगी, नीट सांग. माझं मन राखायला म्हणू नकोस."

"मन राखायचं असतं तर छान म्हटलं असतं!" मी ओरडलेच. "त्या जागेवर कुणी नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही. माझे कान तर गेलेले नाहीत ना?"

ते जागच्या जागी थिजले. मग असे धावले की सपाता तिथेच राहिल्या. सुई उचलली, अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, दोन्ही तारा त्याच्या पाठीतून ओढून काढल्या. स्पीकरच्या तोंडावरची काळी जाळी काढली. मग स्टूल घेऊन भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढून आणला.

"इथे हात ठेव," त्यांनी माझा तळवा डाव्या स्पीकरच्या मोठ्या गोलावर अलगद टेकवला. "दाबू नकोस. आता कुठे जातो सांग."

त्यांनी तारेची लाल पिन सेलच्या एका टोकाला लावली, काळी दुसऱ्या टोकाला. ठक्क. तो गोल माझ्या तळव्यात बाहेर आला. घड्याळातल्या एवढ्याशा सेलवर कमरेएवढा स्पीकर जागा झाला, पोटातल्या बाळाने लाथ मारावी तसा, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. या डब्यातून गाणं येतं हे मला माहीत होतं. ते असं हलून, हवा ढकलून येतं, हे एकतीस वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा माझी मोहरी तडतडत असेल.

"बाहेर," मी म्हटलं.

उजवा. तसाच हात, तसाच सेल. ठक्क.

"आत."

"परत."

"आत गेला. आतच."

ज्ञानेश फरशीवर बसले. उजव्या तारेचं स्पीकरकडचं टोक त्यांनी उजेडात धरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पांढऱ्या रेघेवर बोट फिरवलं. रेघेच्या टोकाला काळी पिन होती. बाण बरोबर करायच्या नादात लाल-काळं उलटं झालं होतं, आणि तीन जाणत्यांपैकी एकानेही ते बघितलं नव्हतं, कारण तिघंही बाण बघत होते.

"एक ढकलतोय, तेव्हा दुसरा ओढतोय," ते म्हणाले. "मधे कोण उभं राहणार? आणि त्या दोघांनी याला रुंदी म्हटलं. मी लावलंय म्हणून." ते हसायला लागले, पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मीही रडले. मग पिना मीच बदलल्या. पांढरी रेघ, लाल पिन. दोनदा बघितलं. बाणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पुन्हा खुर्चीत बसायला त्यांनी मलाच लावलं, आणि स्वतः माझ्या पायाशी फरशीवर बसले. सुई टेकली.

काय सांगू? बाई आल्या. कुठून आल्या ते नाही सांगता येत, पण दोन स्पीकरच्या मधे, जिथे आमची पांढरी भिंत आणि विजेचं बटण आहे, तिथे एक बाई बसली होती. तिचं तोंड माझ्या छातीच्या उंचीवर होतं. तबला तिच्या उजव्या हाताला, जरा मागे. तंबोरा तिच्या पाठीशी, आणि त्याच्याही मागे कुठेतरी ऐकणारी माणसं, त्यातलं कुणीतरी खाकरलं. स्पीकर जणू नव्हतेच. मी आपोआप पदर सावरला. परकी बाई घरात आल्यावर सावरावा तसा. तिने श्वास घेतला तो मला ऐकू आला, आणि पुढच्या क्षणी तिने सूर लावला. इतकी वर्षं ही माझ्या घरी येत होती, आणि मी तिला एकदाही या म्हटलं नव्हतं.

"कुठे आहेत?" ज्ञानेशनी हळूच विचारलं.

मी बोट केलं. त्यांनीही केलं. दोघांची बोटं विजेच्या बटणाच्या वीतभर खाली, एकाच जागी रोखलेली होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी बघेन असं मला सकाळी वाटलं नव्हतं.

गाणं चढत गेलं. बाईंनी एक लांब तान घेतली, आणि तिच्या शेवटी काहीतरी बारीक वाजलं.

"अहो, हे किणकिण काय आहे?"

"कसली किणकिण?"

"आत्ताची. तान संपताना. बघा, परत. त्यांचा हात हलला की वाजतं."

ज्ञानेशनी माझ्याकडे वर बघितलं. "बांगड्या," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, नाही ऐकल्या. मला वाटलं रेकॉर्ड झिजली." आणि मग, सावकाश, "तुला येतात ऐकू?"

नाही, भास झाला असेल, असं म्हणणं किती सोपं होतं. सकाळची मी असते तर म्हटलंही असतं.

"येतात," मी म्हटलं. "स्वच्छ येतात. चार-पाच असाव्यात, काचेच्या."

त्यांनी मान हलवली. वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलं नाही. थोड्या वेळाने डोळे मिटून त्यांनी आपला हात माझ्या गुडघ्यावर उलटा ठेवला. "वाजल्या की सांग. बोलू नकोस, नुसतं बोट टेकव."

मी पुढे वाकून बसले. आयुष्यात कधी कुठल्या आवाजाची एवढी वाट पाहिली नव्हती. बांगड्या वाजल्या, मी त्यांच्या तळव्यावर बोट टेकवलं. पुन्हा वाजल्या, पुन्हा टेकवलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या ओठांवर हसू आलं. बाई पुढच्या तानेवर निघाल्या, वर गेल्या, वळल्या, खाली उतरायला लागल्या, मी बोट उचलून तयार ठेवलं, पण ते टेकायच्या आत ज्ञानेशच म्हणाले, "आत्ता."

आणि बांगड्या वाजल्या.